ब्रेकबाईचा डावा पाय

गाडी शिकवणाऱ्याने डोकं थंड ठेवावं, असं म्हणणारे पुष्कळ असतात. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून भर गर्दीत चौक ओलांडलेला त्यांच्यात एकही नसतो.

तिला हे चौक रोजचेच होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकबाई म्हणत, कारण दिवसभरात तिच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द तोच. आधी सांगून, मग ओरडून आणि शेवटी स्वतःच्या पायाने. तिच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते. शिकणाऱ्याचा पाय गोंधळायच्या आत तिचा पाय तिथे पोचलेला असे. मालक म्हणायचा, "बाई, तुमच्यामुळे गाडीवर एक ओरखडा नाही, पण गिऱ्हाइकांच्या मनावर बरेच आहेत."

"मनाचा पत्रा बदलावा लागत नाही," ती म्हणायची.

अंगाने किरकोळ, रंगाने फिकट पिवळसर. तिला लहानपणापासून रक्ताचा आजार होता, थॅलेसेमिया. त्यातही मधल्या प्रतीचा. म्हणजे तिच्या लाल पेशी कच्च्या तयार व्हायच्या आणि लवकर मोडायच्या. सारखं सारखं रक्त चढवावं लागेल इतकं वाईट नाही, पण अंगात रक्त पुरेसं आहे असंही कधी नाही. शाळेत असतानाच तिची प्लीहा फुगून पोटात मावेना, तेव्हा ती काढून टाकली होती. डाव्या बरगडीखाली त्याचा लांब वण होता.

या आजारापेक्षा तिला त्यावरच्या सल्ल्यांचा जास्त ताप झाला. भेटेल तो माणूस तिला बीट खायला सांगे. शेजारीण सांगे, केस कापणारी सांगे, एकदा तर वाहतूक पोलिसाने गाडी अडवून परवाना बघता बघता सांगितलं. तिच्या अंगात लोह कमी नव्हतं, उलट नको तितकं साठत होतं आणि ते उतरवायला गोळ्या घ्याव्या लागत होत्या, हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ यायचे. शेवटी तिने समजावणं सोडलं. "खाते हं," म्हणायची आणि पुढे जायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसातला निम्मा वेळ इमारतींच्या पोटात, उरलेला निम्मा त्याच इमारतींच्या टोकावर. स्वभावाने असा शांत की भूकंप झाला तरी तो "बघू" म्हणाला असता. त्या "बघू"ने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण लग्नाआधी त्याने स्वतःहून जाऊन रक्त तपासून घेतलं होतं, त्यात तिच्या आजाराचा मागमूस नव्हता, आणि रिपोर्ट आणून तो एवढंच म्हणाला होता, "मुलांना होणार नाही. फार तर वाहक होतील. आता बोल." त्या दिवशी ती चिडायचं विसरली होती.

तिला दिवस गेले तेव्हा तिशी उलटली होती. रक्ताच्या डॉक्टर तिला ती लहान असल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "आता नीट ऐक. तुझं रक्त कमी आहे, पण चिकट आहे. मोडक्या पेशी एकमेकींना धरतात. पूर्वी प्लीहा त्यांना गाळून काढायची, ती आता नाही. त्यात गरोदरपणात कुणाचंही रक्त लवकर गोठायला बघतं, आणि पोट वाढलं की पायातून वर येणाऱ्या शिरा दबतात. म्हणून पायात गुठळी व्हायचा धोका तुला इतर बायकांपेक्षा बराच जास्त. रोज एक इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली, आणि एक छोटी गोळी. पाणी पीत राहा. चालत राहा. तासन् तास बसून राहायचं नाही."

"माझं कामच बसायचं आहे."

"मग मध्ये मध्ये उतर. आणि एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर वाट बघायची नाही. दम लागला, छातीत दुखलं, तर मुळीच नाही. सरळ इथे यायचं."

ती घरी आली आणि खरं घोडं तिथे अडलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्या अंगात रक्तच नाही. नाही ते गोठणार कसं?"

"आई, रक्त कमी असणं वेगळं, गोठणं वेगळं. रस्त्यावर गाड्या थोड्या असल्या तरी त्यातल्या निम्म्या बंद पडणाऱ्या असल्या, तर कोंडी होते की नाही?"

"म्हणूनच सांगते, गाडीत बसूच नकोस. आडवी हो."

सासूबाई दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं. त्या तशा नव्हत्या. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात त्यांनी उभं आयुष्य इस्त्रीच्या टेबलापाशी काढलं होतं. पोटात मूल असताना, कळा सुरू होईपर्यंत, वाफेत उभं राहून चादरी दाबल्या होत्या. त्यांना तेव्हा कुणी "जरा टेक" म्हणालं नव्हतं. त्यामुळे जगात कुणी कुणाला देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विसावा, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि सून आता ती भेट दोन्ही हातांनी परत करत होती.

रोज सकाळी तेच. ती चपला घालायची, सासूबाई चपला उचलून ठेवायच्या. ती संध्याकाळी फेरी मारायला निघायची, सासूबाई दारात उभ्या. "पोटुशी बाई अशी वणवण फिरते, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील बीट खा."

नवऱ्याला मध्यस्थी करायला सांगितलं की तो एकदा हिच्याकडे बघायचा, एकदा आईकडे, आणि म्हणायचा, "बघू."

त्यात रुग्णालयाची तऱ्हा वेगळीच. रक्ताचा विभाग एका इमारतीत, बाळंतपणाचा समोरच्या, मध्ये फक्त पार्किंग. ते ओलांडायला तिला दोन मिनिटं लागायची, डॉक्टरांच्या निरोपाला आठवडे. इकडे विचारलं की "ते तिकडे विचारा", तिकडे विचारलं की "ते त्यांचं काम". दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं होतं. तरीही इंजेक्शन रोज चालू होतं, तास दोन तासांनी ती गाडीतून उतरत होती, आणि पोट वाढत होतं. ज्यांना शिकवत होती त्यांत तेव्हा एक दंतवैद्य होते. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालणारा हा माणूस स्टिअरिंगला मात्र असा घाबरायचा, की वळण आलं की डोळे मिटायचा. "डॉक्टर, भूल गाडीला द्यायची असते का स्वतःला?" ती विचारायची.

सहावा महिना लागला आणि एका दुपारी तिच्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला. थोडासाच. ती तडक बाळंतपणाच्या विभागात गेली. तिच्या नेहमीच्या डॉक्टर शस्त्रक्रियेत होत्या. एका तरुण डॉक्टरने सोनोग्राफी केली, बाळाचे ठोके ऐकवले. बाळ मजेत होतं. वार जरा खाली होती, त्यामुळे रक्त गेलं असावं, असं तो म्हणाला.

"रक्त पातळ करणारं इंजेक्शन तूर्त बंद ठेवा. आणि तूर्त आडव्या राहा."

"रक्ताच्या डॉक्टरांना विचारायला नको?"

"मी बोलतो ना त्यांच्याशी."

तूर्त. हा शब्द तिला पुढे कितीतरी दिवस छळणार होता. तूर्त म्हणजे आज? उद्यापर्यंत? बाळंत होईपर्यंत? तिने विचारायला हवं होतं. रोज कुणाला ना कुणाला "नीट बघ, गृहीत धरू नको" म्हणून खडसावणारी बाई त्या दिवशी बाळाचे ठोके ऐकून इतकी सुटल्यासारखी झाली होती, की पिशवी उचलून सरळ घरी आली.

सासूबाईंना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "बघ! शेवटी डॉक्टरच म्हणाले ना?" पलंग खिडकीपाशी आला. चार उशा आल्या. पाण्याचा तांब्या, फळं, पंखा, सगळं हाताशी. ती उठून बसली की सासूबाई आतून ओरडायच्या, "काय हवंय?" न्हाणीघरात जायचं तरी त्या कोपराला धरून नेत. दोन दिवसांत रक्त थांबलं. ती म्हणाली, "आता उठते."

"डॉक्टरांनी उठ म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. तिने रक्ताच्या विभागात फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, तर एका मुलीने सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी परिषदेला गेल्यात, निरोप ठेवते. बाळंतपणाच्या विभागाने सांगितलं, पुढच्या तपासणीला या तेव्हा बोलू. तिने नवऱ्याला सांगितलं, "तू प्रत्यक्ष जाऊन विचार." तो म्हणाला, "येतील ना त्या परत. बघू." आणि मग ती थकली. भांडायला सुद्धा अंगात रक्त लागतं. मधूनच दंतवैद्यांचा फोन यायचा, "बाई, तुम्ही कधी येणार? नवीन सर ओरडतच नाहीत, मला भीती वाटते." तेवढाच विरंगुळा.

दुसऱ्या आठवड्यात डाव्या पोटरीत दुखायला लागलं. पायात गोळा यावा तसं. सवयीने तिच्या मनात आलं, क्लच फार दाबला. मग तिचं तिलाच हसू आलं. पलंगावर कसला क्लच? दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात जाताना डाव्या पायात चप्पल शिरेना.

"पोटुशीचे पाय सुजायचेच," सासूबाई म्हणाल्या. "आण इकडे, चोळून देते." त्या तेलाची वाटी घेऊन पायाशी बसल्या. चादरी दाबून दाबून त्यांच्या अंगठ्यांत जबरदस्त ताकद आली होती. त्यांनी पोटरीला अंगठा लावून वर रेटला मात्र.

"ब्रेक!"

शब्द तिच्या तोंडून असा सुटला की खिडकीवरची कबुतरं उडाली. सासूबाईंचे हात हवेत राहिले. घरात तिने हा आवाज कधी काढला नव्हता.

"हात काढा, आई. पुन्हा लावू नका." तिने चादर पूर्ण बाजूला केली आणि दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले. उजवा नेहमीसारखा, काडीसारखा. डावा मांडीपासून टम्म, तांबूस, तुकतुकीत. हात लावला तर गरम. "पोटुशीचे पाय सुजतात ना? मग हा एकच का सुजला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणाचा यावा हे ठरवायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांचाच आला. त्या तरुण डॉक्टरचा, परिषदेचा, चार उशांचा, "बघू"चा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. नवऱ्याचा फोन लागेना, तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असणार. "तो येईपर्यंत थांबू या," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. टॅक्सी बोलवा."

टॅक्सीवाला भला माणूस निघाला, हेही तिचं नशीबच. पोट बघितल्याबरोबर त्याने गाडी अशी चालवायला घेतली, जणू मागच्या सीटवर अंडी ठेवलीत. रिकाम्या रस्त्यावर सायकली त्याला मागे टाकत होत्या.

"अहो दादा, दाबा जरा!"

"नाही ताई, अशा वेळी सावकाशच."

"रस्ता मोकळा आहे, सिग्नल हिरवा आहे, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये काय करताय? तिसरा टाका! आता चौथा! आरशात कुणी नाही, मी बघितलंय!"

आयुष्यभर लोकांना थांबवत आलेली बाई त्या दिवशी एका माणसाला पळवत रुग्णालयात घेऊन गेली. शेजारी सासूबाई तेलकट हात मांडीवर धरून बसल्या होत्या. कुठे पुसावेत तेही त्यांना सुचलं नव्हतं.

पायाची सोनोग्राफी झाली. यंत्र चालवणारी बाई पडद्याकडे बघत एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबत होती. चांगली शीर दाबली की मिटते, ही मिटत नव्हती. गुठळी गुडघ्यामागून मांडीपर्यंत चढली होती. फुप्फुसापर्यंत पोचल्याची खूण नव्हती. बाळ ठीक होतं. लगेच इंजेक्शन सुरू झालं, आधीच्यापेक्षा मोठ्या मात्रेचं.

रक्ताच्या डॉक्टर परतल्या होत्या. त्या धावत आल्या, बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टरही आल्या, मागोमाग तो तरुण डॉक्टर. आणि तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून त्यांचं सुरू झालं.

"इंजेक्शन बंद करताना मला कळवलं का नाही?"

"रक्तस्राव होत होता. आमचा निर्णय बरोबर होता."

"दोन दिवसांसाठी बरोबर होता! नंतर?"

"नंतरचं तुमच्या विभागाने बघायचं ना."

"मला माहीतच नाही तर मी काय बघणार?"

ती उताणी पडून एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होती. मग कोपरांवर रेटून उठली.

"एक मिनिट. माझ्या गाडीत ब्रेक दोन आहेत. क्लच दोन आहेत. पण स्टिअरिंग एकच आहे. तुमच्यातलं कोण धरणार ते बाहेर जाऊन ठरवा, आणि ठरलं की मला येऊन सांगा."

दोघी खरोखरच बाहेर गेल्या. तरुण डॉक्टर मात्र मागे रेंगाळला. "मी फोन केला होता त्यांना," तो खाली बघत म्हणाला. "लागला नाही."

"माझाही नाही लागला. पण मी पेशंट होते. तुम्ही कोण होता?"

त्याचा पडलेला चेहरा बघून तिला दंतवैद्य आठवले आणि तिची तिलाच चीड आली, कारण राग नीट पुरा करता येईना. "पुन्हा कुणाला तूर्त म्हणालात, तर कधीपर्यंत ते सांगा," ती म्हणाली. "जा आता."

दोघी डॉक्टर परत आल्या तेव्हा ठरलं होतं. रक्ताचा आणि औषधाचा प्रत्येक निर्णय रक्ताच्या डॉक्टर घेणार, बाळंतपणाच्या डॉक्टर त्यांना विचारल्याशिवाय काही बंद करणार नाहीत, आणि दोघींचे खासगी नंबर तिच्याकडे राहणार. बाळंत होईपर्यंत रोज दोनदा इंजेक्शन, आणि नंतरही.

सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठल्या आणि रक्ताच्या डॉक्टरांपाशी गेल्या. "मी तिला झोपवून ठेवलं," त्या म्हणाल्या. "आणि आज पाय चोळला. माझ्यामुळे झालं का?"

"गुठळी चोळण्याआधीच झाली होती. तिच्या रक्तामुळे, गरोदरपणामुळे, इंजेक्शन बंद झाल्यामुळे, पडून राहिल्यामुळे. एकामुळे नाही. पण चोळून ती सुटली असती तर फुप्फुसात गेली असती. पुन्हा चोळू नका. एक-दोन दिवसांत मी सांगेन तेव्हा तिला चालवा."

"चालवू?"

"रोज. बाळंतपणानंतरसुद्धा. तेव्हा तर धोका आणखी वाढतो."

नवरा संध्याकाळी आला, हाताला ग्रीस, चेहरा पांढराफटक. त्याने तिचा पाय बघितला आणि तोंड उघडलं. "बघू म्हणालास तर याद राख," ती म्हणाली. त्याने तोंड मिटलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळचं इंजेक्शन तो द्यायला लागला. लिफ्टच्या बारीक तारा जोडणारा हात, टोचल्याचं कळायचंसुद्धा नाही. रक्ताच्या विभागात निरोप द्यायचा असला की आता तो फोन करायचा नाही, पार्किंग ओलांडून स्वतः जाऊन दारात उभा राहायचा, उत्तर मिळेपर्यंत.

पण कुणाला वाटेल की आता तिचे हाल संपले, तर ते चूक. ती आगीतून फुफाट्यात पडली होती. सासूबाईंनी डॉक्टरांचा शब्द असा उचलला, की चपला लपवणारी बाई आता चपला हातात घेऊन पलंगापाशी उभी. "ऊठ. चल. किती वेळ बसलीस!" घट्ट मोजा डाव्या पायावर चढवायला ती कण्हत असताना, यांचं दारातून सुरू, "आटप, ऊन होईल." रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं आणि "अशा अवस्थेत फिरता?" म्हणालं, की सासूबाई तिथल्या तिथे उभं राहून त्याला गुठळी, शिरा आणि प्लीहा समजावून सांगायच्या, निम्मं चुकीचं. ती शेजारी ताटकळत उभी.

"आई, चालायचं आहे ना? मग उभं का राहिलोय?"

"लोकांना कळायला नको?"

माफी त्यांनी कधी मागितली नाही. ती मिळाली असती तर तिला काय करावं हेही कळलं नसतं. एवढंच झालं, की एका संध्याकाळी चालता चालता सासूबाई म्हणाल्या, "माझे पाय तेव्हा सुजायचे, दोन्ही. मला वाटलं, तुला ते नको." पुढच्या वळणापर्यंत दोघी हळू चालल्या.

बाळंतपण ठरवून केलं. आदल्या दिवशीच इंजेक्शन थांबवलं, पण या वेळी "पुन्हा कधी सुरू" हे आधी सांगून. भूल देणाऱ्या डॉक्टरने शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते इतक्यांदा विचारलं, की ती म्हणाली, "पाठीवर लिहून देऊ का?" मुलगी झाली. लहानशी, पण खणखणीत आवाजाची. कुणावर गेली हे कुणी विचारलं नाही.

टाके ओले असतानाच सासूबाई पलंगापाशी हजर झाल्या, मूल एका हातावर आणि चपला दुसऱ्या हातात. ती रडकुंडीला येऊन उठली. नर्स बघून हसली आणि म्हणाली, "सासू असावी तर अशी."

"घेऊन जा," ती म्हणाली.

इंजेक्शन बाळंतपणानंतरही कितीतरी आठवडे चाललं. पोटावरचे हिरवे-निळे डाग हळूहळू गेले. डावा पाय पूर्वीसारखा झाला नाही. संध्याकाळी जड होतो आणि मोजा न घालता ती कामाला जाऊ शकत नाही, याचा तिला रोज सकाळी नव्याने वैताग येतो. दंतवैद्य मधल्या काळात नवीन सरांकडून कसेबसे पास झाले.

आता दर तासाला ती गाडी मोकळ्या मैदानाच्या कडेला लावायला सांगते, खाली उतरते आणि गाडीभोवती झपाझप फेऱ्या मारते. आत बसलेला शिकाऊ माणूस गोंधळून बघत राहतो. परवा एका नवीन मुलीने काच खाली केली.

"बाई, काही हरवलंय का? मी शोधू?"

"नाही," ती न थांबता म्हणाली. "आणि हँडब्रेक ओढ आधी. गाडी पुढे सरकतेय."